धाकटीचा हँडओव्हर

थोरलीला राग आला की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. वॉर्डातली मावशी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावून ठेवायची, "थोरली सिस्टर कुजबुजायला लागली की आपापली कामं शोधा गं बायांनो. बेडपॅन घासा, चादरी मोजा, काहीही करा, पण समोर उभ्या राहू नका."

बायकांच्या त्या वॉर्डात एकाच घरातल्या दोघी नर्स होत्या, नणंद आणि भावजय. म्हणून एक थोरली सिस्टर नि दुसरी धाकटी सिस्टर. धाकटी ही थोरलीच्या पाठच्या भावाची बायको. स्थळही थोरलीनेच आणलेलं. नर्सिंग स्कूलमधून नुकतीच बाहेर पडलेली ती पोरगी तिच्या हाताखाली आली, आणि म्हाताऱ्या पेशंटची वेणी घालताना दिसली. थोरलीने घरी जाऊन भावाला सांगितलं होतं, "डोळे मिटून हो म्हण." धाकटी तिला घरात ताई म्हणायची, वॉर्डात सिस्टर, आणि लाडात किंवा भांडणात 'वन्सं'.

गेले पंधरा-वीस दिवस थोरलीचा आवाज उतरलेलाच होता. आणि त्याला कारण झालं होतं ते लोकांचं कौतुक.

"अशा चार मिळाल्या ना सिस्टर, तर माझा वॉर्ड सोन्याचा होईल," इनचार्ज बाई म्हणाल्या. "काल रात्रपाळी करून सकाळी औषधांचं कपाट आवरून दिलं तिने. वर हसत. नाहीतर आमच्या या! एक रात्र केली की दोन दिवस तोंड सुजलेलं."

"दमत नाही का ती?" थोरलीने विचारलं.

"तेच तर! दमतच नाही."

बाईंना यात आनंद वाटत होता. थोरली मनातल्या मनात रात्री मोजू लागली.

त्याआधीचे महिने तिने डोळ्यांनी पाहिले होते. धाकटी पलंगाच्या कडेवर कंगवा हातात धरून बसायची. केसांत घालायची नाही, खालीही ठेवायची नाही. भाऊ कामावर जायचा, दुपारी जेवायला यायचा, तरी कंगवा हातातच. ड्यूटीवर यायची ती ओढून आणल्यासारखी. पेशंटनी बेल दाबली तर उठायची, पण वाटेत विसरायची कुठे निघालो ते. तेव्हा इनचार्ज बाईंनी तिला 'मंद' म्हटलं होतं, आणि मिरचीने, म्हणजे त्यांच्यातल्या तिखट जिभेच्या सिस्टरने, "मूल होत नाही ना, म्हणून असेल," असं निदान करून टाकलं होतं. नर्स मंडळी दुसऱ्याच्या तापाला थर्मामीटर लावतात, आपल्यातल्या माणसाला टोमणे लावतात.

आणि थोरलीने काय केलं? जे त्या हॉस्पिटलात सगळेच करत, तेच. स्टाफपैकी कुणी आजारी पडलं तर केसपेपर काढायचा नाही, हा तिथला मान होता. रांगेत उभं राहायचं ते पेशंटनी. आपण डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठायचं, लिफ्ट येईपर्यंत. थोरलीने मेडिसिनच्या डॉक्टरांना तसंच गाठलं. "सर, आमची धाकटी फार उदास असते, जेवत नाही, रडते." डॉक्टर भला माणूस. "अरे, आपल्या धाकटी सिस्टर? घ्या ना," म्हणून त्यांनी खिशातल्या कागदावर गोळ्या लिहून दिल्या. लिफ्ट आली, ते वर गेले. त्यांनी काही विचारलं नाही. आणि विचारलं नाही म्हणून थोरलीने सांगितलं नाही.

सांगण्यासारखं होतं. लग्न ठरताना धाकटीची आई बोलून गेली होती, "माझा भाऊ जरा हौशी होता." नंतर कळलं, हौशी म्हणजे काय ते. त्या मामाने एकदा घरातली सगळी भांडी रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटून टाकली होती, हसत हसत, गात गात. महिनाभर झोपला नव्हता. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. कसा गेला हे त्या घरात कुणी बोलत नाही.

गोळ्या सुरू झाल्या. धाकटी उठून बसली, जेवली, हसली. सगळ्यांनी देवाचे आभार मानले, थोरलीनेही मानले, मनापासून. मग धाकटी आणखी हसली. मग थांबेचना.

*

त्या रविवारी थोरली भावाकडे गेली तेव्हा दार सताड उघडं होतं. बैठकीच्या खोलीची एक भिंत निळी, दुसरी अर्धी पिवळी. रंगाचा ब्रश पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवलेला. कपाटातलं सारं सामान जमिनीवर, आणि मधे भाऊ पाट मांडून निवांत जेवत बसलेला. रेफ्रिजरेटर दुरुस्त करणारा माणूस, हाताची काळी बोटं कधी स्वच्छ व्हायची नाहीत, पण चेहरा मात्र कसा धुतल्यासारखा झाला होता.

"ये ताई, बस! कुठे बसशील? बस कुठेही," तो हसला. "बाईसाहेबांनी घर नवं करायला काढलंय."

"ती कुठे आहे?"

"बाजारात. सकाळपासून दुसरी फेरी. अगं, चार चपला आणल्यात, चारही एकाच रंगाच्या! मी म्हटलं, तुला काय गोमेचे पाय फुटले?" तो स्वतःच्याच विनोदावर खूष झाला.

"झोपते का ती?"

"झोपेचं काय घेऊन बसलीस?"

"झोपते का, विचारलं."

भावाचा घास थांबला. लहानपणापासून हा उतरलेला आवाज त्याच्या ओळखीचा होता. "कमी झोपते जरा. पण ताई, किती महिन्यांनी घरात हसू ऐकतोय मी. आल्यावर गरम जेवण असतं. बोलायला माणूस असतं. ती म्हणते, स्वतःचं नर्सिंग होम काढणार. मी म्हटलं काढ!"

"हे बरं होणं नाही, राजा. हे त्याच दुखण्याचं दुसरं टोक आहे. मी मनोविकाराच्या वॉर्डात काही वर्षं काढली आहेत. अशी माणसं मी हसत-गात दारात येताना पाहिली आहेत, आणि मग खाली कोसळतानाही. तिला उद्या डॉक्टरकडे न्यायचं. नीट, केसपेपर काढून."

तेवढ्यात दारातूनच धाकटीचा आवाज आला. "कुणाला न्यायचंय? मला? चला! डॉक्टरांनाच नोकरीला ठेवते मी माझ्याकडे!" दोन्ही हातांत पडद्याचं कापड, कपाळावर घाम, डोळे लखलखीत. "वन्सं, तू मेट्रन होणार माझ्या नर्सिंग होममध्ये. नाही म्हणायचं नाही. पांढरा युनिफॉर्म नको, पांढरा म्हणजे प्रेतासारखा वाटतो, आपण निळा घेऊ, निळा, ही भिंत बघ, भिंत कशी वाटते? भिंतीवरून आठवलं, सात नंबरच्या आजींच्या पाठीला जखम होतेय, तिकडे कुणाचं लक्ष नाही, मीच बघते सगळं, सगळं मीच..."

"बस जरा. नाडी बघू दे."

धाकटीने हात झटकला. क्षणात चेहरा बदलला. "रडत होते तेव्हा नाडी नाही बघितलीस. आता उभी राहिले तर बघवत नाही?"

थोरलीने भावाकडे पाहिलं. भाऊ ताटाकडे पाहत होता. तो हळूच म्हणाला, "ताई, राग मानू नकोस. पण ती बरी झाली ते तुला... म्हणजे लोक म्हणतात ना, नणंद ती नणंदच."

थोरली उठली. दाराशी जाऊन चप्पल घातली. "लोक म्हणत नाहीत. तू म्हणतोयस," ती म्हणाली, इतक्या हळू की भावाला ओठांवरूनच समजून घ्यावं लागलं.

घरी जाताना तिने देवाला नेहमीसारखं हात जोडून काही मागितलं नाही. नुसतंच म्हणाली, तूही बघतोच आहेस ना? मग बघ.

*

सोमवारी सकाळी ती वॉर्डात शिरली तेव्हा धाकटी रात्रपाळी संपवून घरी जायच्या तयारीत असायला हवी होती. ती औषधांच्या टेबलाशी उभी होती. पांढऱ्या ट्रेमध्ये भरलेली इंजेक्शनं ओळीने मांडलेली, सैनिक उभे करावेत तशी. एकावरही नावाची पट्टी नाही.

"हे काय आहे?"

"सकाळची सगळी इंजेक्शनं! भरून तयार. तुम्ही लोक एकेक भरत बसता, म्हणून अर्धा दिवस जातो. मी नवी पद्धत काढलीये."

"कुठलं कुणाचं?"

"पाठ आहे मला. अख्खा वॉर्ड पाठ आहे."

"घरी जा. तुझी रात्र संपली."

"संपली कुठे? दिवसपण मीच करतेय. मिरचीबदली. तिला मुलाच्या शाळेत जायचंय."

तोवर बाकीच्या सिस्टर टेबलाभोवती जमल्या होत्या. रोज सकाळी तिथेच हँडओव्हर व्हायचा, रात्रीची बाई दिवसाच्या बायांना पेशंट सोपवायची. थोरलीने मिरचीकडे पाहिलं.

"तीच म्हणाली, मी करते," मिरची म्हणाली. "मी काय पाया पडले नव्हते."

"माझी परवाची रात्रपण तिनेच केली," दुसरी पुटपुटली.

"आणि गुरुवारी माझी दुपारची," तिसरी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक झाला. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकदाच, एकच ड्यूटी दिली. प्रत्येकीने मनात तिला दुवा दिला होता. आता त्या एकमेकींकडे बघू लागल्या, एकाच बशीतून सगळ्यांनीच मलई चाटल्यासारख्या.

"म्हणजे ही झोपली कधी?" मावशीने दारातून विचारलं. फडका हातात तसाच.



थोरलीने ट्रेमधलं एक इंजेक्शन उचलून धाकटीसमोर धरलं. "हे कुणाचं?"

"सात नंबर."

"नक्की?"

"सात नंबरच्या आजी, त्यांचं इन्सुलिन. नाही, थांब. हे बाराचं. बारा नंबरला... बारा नंबरला कालपासून साखरेचं बंद केलंय ना? मग हे सातचं. किंवा..."

ती थांबली. सगळ्या आठवड्यात पहिल्यांदा ती वाक्याच्या मध्ये थांबली. तिच्या लखलखीत डोळ्यांच्या मागून कुणीतरी दुसरीच, भ्यालेली, शिकलेली, वेणी घालणारी मुलगी क्षणभर डोकावली आणि ट्रेकडे पाहून मागे सरली.

थोरलीने ट्रे उचलला आणि एकेक इंजेक्शन बेसिनमध्ये रिकामं करून कचऱ्याच्या डब्यात टाकू लागली.

"अहो, अहो! एवढी औषधं!" इनचार्ज बाई आत शिरत होत्या. "काय चाललंय सिस्टर? मला वर हिशेब कोण देणार?"

"बाई, धाकटीला मी घेऊन जातेय. मनोविकार विभागात. ती आजारी आहे."

"आजारी?" बाईंनी धाकटीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही? वॉर्डात कुणी ठणठणीत असेल तर हीच. तुमच्या घरातलं भांडण इथे आणू नका. आणि आज दोघीजणी रजेवर आहेत. आजचा दिवस काढू दे तिला. उद्या बघू."

आजचा दिवस. थोरलीच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. रडत होती तेव्हा मंद, आता हसते आहे तर ठणठणीत. तेव्हा तिच्याकडून काम होत नव्हतं म्हणून वाईट, आता होतंय म्हणून चांगली. माणूस मधल्या मधे गेलं कुठे, हे विचारायची यांना फुरसत नाही. घर रंगवून मिळतंय, ड्यूट्या करून मिळतायत, कपाट आवरून मिळतंय. जळत्या घरावर सगळ्यांनी आपापल्या भाकऱ्या भाजून घेतल्या, आणि वर म्हणतात, ऊब छान आहे. आणि चूल पेटवली कुणी? लिफ्टच्या दाराशी उभं राहून, मान राखून, तोंड मिटून?

"बसा बाई," ती म्हणाली. "हँडओव्हर व्हायचाय."

"रात्रीची देईल ना. तुम्ही का?"

"एक पेशंट माझ्याकडे आहे."

त्या वॉर्डाचा एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण भिंतीसारखा पक्का. टेबलाशी उभं राहून, सगळ्यांसमक्ष ज्याचा हँडओव्हर ऐकला, तो पेशंट ऐकणाऱ्याचा झाला. मग 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही. इनचार्ज बाईंनी हा नियम कित्येक मुलींना रडवून शिकवला होता. थोरली कुठे निघाली आहे हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

"मला राउंडला जायचंय," त्या वळल्या.

दारात मावशी उभी होती. तिने बादली मधोमध ठेवली आणि फरशी पुसायला बसली. "ओलं आहे बाई," ती म्हणाली. "पाय घसरेल."

थोरली बोलू लागली. इतक्या हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"पेशंट बाई, वय बत्तीस, व्यवसाय नर्स. गेले पंधरा-वीस दिवस झोप जवळजवळ नाही. झोप नाही तरी थकवा नाही. बोलणं भरभर, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या. मोठमोठे बेत. नको ती खरेदी. अडवलं की चिडते. त्याआधी कित्येक महिने उदास. तेव्हा वॉर्डाने तिला मंद म्हटलं. उदासपणावर गोळ्या सुरू आहेत, केसपेपर न काढता, कॉरिडॉरमध्ये मागून आणलेल्या. मागून आणणारी नातेवाईक, मी. त्या गोळ्यांनी पारा वर चढला असावा असा माझा संशय आहे. घरातल्या आजाराची माहिती आहे, ती मी फक्त डॉक्टरांना सांगेन. आज सकाळी पेशंटने पट्टी न लावता इंजेक्शनं भरली. धोका आज वॉर्डातल्या बायांना. आणि ही खाली उतरेल तेव्हा, तिला स्वतःला."

ती इनचार्ज बाईंकडे वळली. "ऐकलंत?"

बाईंचं तोंड आवळलं गेलं. बादली अजून दारातच होती.

"ऐकलंत का, बाई?"

"ऐकलं," बाई म्हणाल्या.

धाकटी खदखदून हसली. "नाडी सांगितली नाहीस वन्सं! अपुरा हँडओव्हर! नापास!" आणि हसता हसताच तिने बेसिनजवळचा रिकामा ट्रे भिंतीवर फेकला. "माझ्या नोकरीवर उठलीस? सगळ्यांसमोर वेडी ठरवलंस मला? तुला मी आई म्हणत होते मनातल्या मनात! तुझं तोंड नाही बघायचं मला कधी!"

"नको बघूस. खाली मान घालून चल."

"नाही येणार."

थोरलीने ते शेवटचं, न रिकामं केलेलं इंजेक्शन हातात धरून ठेवलं होतं. तिने ते पुन्हा पुढे केलं. "मग सांग. सात की बारा?"

धाकटीने इंजेक्शनकडे पाहिलं. सात नंबरच्या आजींच्या पलंगाकडे पाहिलं. आजी तिच्याकडे बघून बोळकं पसरून हसत होत्या. रोज हीच पोर त्यांची वेणी घालायची.

"मला माहीत नाही," धाकटी म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्यांवर खेकसल्यासारखी, "माहीत नाही म्हटलं ना!" आणि स्वतःच तरातरा दाराकडे निघाली, बादली ओलांडून.

*

भाऊ केसपेपरच्या खिडकीशी येऊन थांबला होता. थोरलीने फोनवर त्याला एवढंच सांगितलं होतं, "ये. जेवण झालं असेल तर."  बायकोने रांगेत उभ्या उभ्या त्याच्या शर्टाची बटणं, हवा, हॉस्पिटलचे खांब आणि नणदेचा दुष्टपणा या सगळ्यांवर जे सुनावलं, ते तो ऐकत राहिला. मधे एकदा त्याने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने सोडवून घेतला, मग स्वतःच पुन्हा धरला.

खिडकीतल्या कारकुनाने युनिफॉर्म पाहून मान वर केली. "सिस्टर, तुम्ही रांगेत कशाला? स्टाफला केसपेपर लागतो का कधी? साहेब आता चहाला बाहेर येतील, तिथेच गाठा ना."

थोरलीचा आवाज इतका खाली गेला की कारकुनाला खिडकीच्या जाळीला कान लावावा लागला.

"केसपेपर काढा."

"अहो, मी तुमच्या सोयीसाठी..."

"काढा."

त्याने नाव, वय लिहिलं. "सोबत नातेवाईक कोण?"

"नणंद," थोरली म्हणाली.

"दुष्ट नणंद लिहा," धाकटी मागून म्हणाली. "मोठ्या अक्षरात."

"तसं लिहा," थोरली म्हणाली. "पण शिक्का नीट मारा."

आत मनोविकाराच्या डॉक्टरीण बाई होत्या, चष्मा नाकावर घसरलेला, समोर गार झालेला चहा. त्यांनी धाकटीला बोलू दिलं. नर्सिंग होम, निळा युनिफॉर्म, दुष्ट नणंद, सगळं. अडवलं नाही. मग तिने श्वास घ्यायला उसंत घेतली तेव्हा त्यांनी साधेपणाने विचारलं, "घरात आणखी कुणाला कधी असं झालं होतं का? असं खूप खूप छान वाटणं?"

 धाकटीने थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेत अजून माफी नव्हती, आणि थोरलीने ती मागितलीही नव्हती.

"तू सांगितलंस?"

"नाही. ते तुझं आहे. तू सांग."

धाकटीने नवऱ्याचा हात आणखी घट्ट धरला. "माझा मामा हौशी होता," ती म्हणाली, आणि मग, पहिल्यांदाच सावकाश, एकेक शब्द चाचपडत, भांड्यांचं सांगू लागली.

थोरली भिंतीशी उभी राहून ऐकत होती. प्रश्न एवढाच होता. एका ओळीचा. लिफ्ट येईपर्यंत सहज विचारून झाला असता, आणि सांगूनही.